एक हजार चौऱ्याऐंशी पाखरं आणि ओलाव्याची कटती

पंजाबराव खोडक्यांनी पाखरं मोजायचं कबूल केलं ते निव्वळ चहाच्या भिडेपोटी. डॉक्टरांनी त्यांना रोज तासभर चालायला सांगितलं होतं, आणि बाभुळगावात तासभर चालायचं म्हणजे निम्म्या तालुक्याच्या समोरून जाणं आलं. पंजाबरावांना ते परवडणारं नव्हतं. एकतीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी समोर आली की कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस ओढायचा, धागा ताणून बघायचा, सरकी दाताखाली फोडायची आणि सांगायचं, "ओला हाये. कचरा बी हाये. दहा टक्के कटती." मग तेवढं वजन कापल्याची खूण खडूनं गाडीच्या दांडीवर करायची, की त्या माणसाच्या वर्षाचा निकाल लागला. हे एकतीस वर्षं केलेल्या माणसानं गावातून मोकळेपणी फिरावं, अशी अपेक्षा डॉक्टरांनी तरी का करावी? पण डॉक्टर अमरावतीचे होते.

त्यातून ती वर्षं कापसाची पार वाट लागल्याची. केंद्रं एकामागून एक बंद पडत होती, भावाचं नाव काढलं की माणसं गप्प होत होती, आणि गावाला राग काढायला हाताशी एकच सरकारी माणूस उरला होता, तो म्हणजे निवृत्त पंजाबराव. शिव्या कोणी देत नसे. शिव्या परवडल्या असत्या. पानठेल्यासमोरून गेलं की बाकावरचा कोणीतरी अगदी अदबीनं विचारायचा, "काय भाऊ, आज हवेत ओलावा किती टक्के हाये?" आणि बाकीचे सुपारी कातरत बसायचे. दोन वर्षं हा एकच विनोद ऐकून पंजाबराव थकून गेले होते. विनोद करणाऱ्यांनी निदान तो बदलायला तरी हवा होता.

म्हणून ते गावाच्या उलट्या दिशेला चालू लागले. तीन किलोमीटरवर खैरदऱ्याचा तलाव होता, आणि त्याभोवतीचं रान पाखरांसाठी राखीव होतं. राखीव म्हणजे एक तारेचं कुंपण, पाखरांची चित्रं असलेला एक गंजका फलक, एक चौकी आणि चौकीत बाबूसिंग नावाचा रोजंदारीवरचा चौकीदार. तिथं पंजाबरावांना कोणी ओलावा विचारत नसे. बाबूसिंगची बायको मोतीबाई गुळाचा चहा करी. तो पीत पंजाबराव बांधावर बसून राहत. दसऱ्याच्या सुमाराला तारेवर नीलपंख येऊन बसला, दिवाळीनंतर बदकं उतरू लागली, आणि डिसेंबर लागला तसं पाणी भरून गेलं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कपाळावर पांढरा टिकला लावलेले काळे चांदवे. नावं बाबूसिंग सांगायचा. पंजाबराव ती ऐकायचे आणि विसरायचे. पाखरांना त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

जानेवारीत बाबूसिंगनं एक कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"भाऊ, तुम्ही शिकले-सवरलेले मानूस. एवढं वाचून सांगा जी."

कागदात असं होतं की सलग तीन हिवाळे पाखरांची गणना हजाराच्या आत भरली, तर खैरदऱ्याचं राखीवपण रद्द होईल आणि चौकीदाराची नेमणूकही. आधीच्या दोन हिवाळ्यांचे आकडे खाली दिले होते. पहिल्या वर्षी एकोणतीस, दुसऱ्या वर्षी अकरा.

"अकरा? इथं तं हजार हायेत!"

"होय ना. पन गणनेची जीप येते मे महिन्यात. डिझेलची मंजुरी तवाच येते न. तोवर पाखरं गेली आपल्या मुलखात. अकरा बी लय शोधून काहाडली होती त्यायनं." बाबूसिंग उकिडवा बसला. "औंदा मी यवतमाळले जाऊन हातापाया पडून आलो. सायेब म्हनले, जानकार नागरिकाची सही आन, जीप पाठवत नाही. सहा वर्सं झाली मले इथं. आता या वयात कुठं जाऊ?"

जाणकार नागरिक! पंजाबरावांना कोणी जाणकार म्हटल्याला दोन वर्षं झाली होती. हातात मोतीबाईचा चहा होता. नाही म्हणायला तोंड उघडावं तर तोंडात तोच चहा. ते हो म्हणाले.

घरी ही गोष्ट कळल्यावर त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी, कपाळावर हात मारला नाही, इतकंच. "तुमाले कोंबडी अन् कावळा सोडून पाखरू माहीत हाये काय?" असं विचारून त्या निवडत असलेल्या तुरीच्या डाळीकडे वळल्या. शेजारचे बबनराव गुल्हाने मात्र लगेच धावून आले. बबनराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी शिट्टी त्यांच्या गळ्यातून उतरली नव्हती, आणि कोणत्याही विषयावरचं त्यांचं मत तयार असे.

"पंजाबराव, मोजनीचा एक नियम हाये. डब्बल तिकीट फाडू नका. एकच पाखरू दोनदा चढते अन् दोनदा उतरते. त्याच्यावर डोळा ठेवा."

"पाखरू चढून राह्यलं का उतरून राह्यलं, हे मले कसं कळन?"

"अनुभवानं," बबनराव म्हणाले आणि आपल्या नातवाची दुर्बीण देऊन गेले. तिच्यातून एकाच डोळ्यानं दिसायचं. दुसऱ्या भिंगात बुरशी होती.

मोजणी चार दिवस चालली. पहाटे थंडीत त्यांची जुनी लुना सुरू होईना, म्हणून पहिल्या दिवशी ती ढकलत न्यावी लागली. तेवढ्यात ऊन चढलं आणि पाखरं मधल्या पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी पंजाबराव बांधावरून घसरले आणि गुडघाभर गाळात उभे राहून मोजत राहिले. चारशेवर आले असताना एका टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून इतका आरडाओरडा केला की आकडा विसरला. चांदवे तर मुद्दाम छळत होते. इकडे बुडायचे, तिकडे निघायचे. पण इथं एकतीस वर्षांचा अनुभव कामी आला. यार्डात कटती लागलेल्या गाड्या मागून फिरून पुन्हा रांगेत कशा घुसतात, हे पंजाबरावांना ठाऊक होतं. त्यांनी तलावाचे सात भाग पाडले, प्रत्येक भागाला बाभळीची खूण धरली, आणि एका वेळी एकाच भागाकडे बघायचं ठरवलं. चौथ्या दिवशी आकडा दोन वेळा सारखा आला. एक हजार चौऱ्याऐंशी. बाबूसिंगनं तो ऐकून कानावरची विडी काढली आणि न पेटवताच परत कानावर ठेवली.

त्या दुपारी चौकीत बसून पंजाबरावांनी फॉर्म भरला. सरकारी छापील कागद, खाली कार्बन, हातात निळा पेन. किती दिवसांनी! त्यांचं अक्षर आपोआप सरळ झालं. सही केली, सहीखाली दोन टिंबं दिली, आणि त्या रात्री ते दहा वर्षांत झोपले नव्हते इतके गाढ झोपले. बेबीताईंनीही सकाळी कौतुकानं म्हटलं की घोरणं थेट बबनरावांकडं ऐकू जात होतं.

बारा दिवसांनी बाबूसिंग दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन.

"भाऊ, तुमी कटती कायले मारली?"

"कशाची कटती?"

बाबूसिंगनं फॉर्मची कार्बन प्रत पुढं केली. पंजाबरावांनी चष्मा लावला. त्यांच्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं: एकूण एक हजार चौऱ्याऐंशी. ओलावा व कचरा, कटती दहा टक्के. निव्वळ नऊशे शहात्तर.

आपण हे कधी लिहिलं, हे त्यांना अजिबात आठवत नव्हतं. 'एकूण' लिहिलं की खाली 'कटती' लिहायचं, हे हात आपणहून करत असे. हाताला वाटलं असेल, पाखरं पाण्यात बसलेली, म्हणजे ओलीच. एकतीस वर्षांत कटतीशिवाय एकही कागद त्यांच्या हातून गेला नव्हता. बेबीताई आतून म्हणाल्या, "मले माहीतच होतं." त्यांना काय माहीत होतं, हे पंजाबरावांनी विचारलं नाही. लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं यवतमाळला वन खात्याच्या कचेरीत गेले. आवक-जावकच्या टेबलावर विमलताई होत्या. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"तुम्हाला आकडा वाढवायचा आहे?"

"वाढवायचा नाही जी. जो होता तो करायचा हाये."

"म्हणजे वाढवायचाच. कमी करायचा असेल तर साधा अर्ज चालतो. वाढवायला फेरतपासणी लागते. कारण काय लिहू?"

पंजाबरावांनी खूप विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. खरं बोलायला त्यांना आजवर कोणी लावलं नव्हतं. "सवय," ते शेवटी म्हणाले.

"सवय हे कारण होत नाही. यादीत नाही." विमलताईंनी यादी दाखवली. नैसर्गिक आपत्ती, लेखनदोष, रोगराई, इतर. "इतर लिहिते. इतरला साहेब स्वतः येतात."

साहेबांनी बारा फेब्रुवारी दिली. मग ती तारीख पुढं गेली, कारण त्या दिवशी मंत्री आले. नंतरची तारीख गेली, कारण मंत्री आले नाहीत आणि ते का आले नाहीत यावर बैठक होती. इकडे ऊन तापायला लागलं. रोज सकाळी पंजाबराव बांधावर जाऊन मोजत. एक हजार चाळीस. नऊशे. सातशे साठ. पाखरं उत्तरेकडे निघाली होती आणि त्यांना कोणी थांबवू शकत नव्हतं. साठीच्या माणसानं पहाटे उठून बदकांना मनातल्या मनात विनवण्या कराव्या, यात आपली काय शोभा राहिली, असं त्यांना रोज वाटे. मोतीबाई चहा देताना दोनदा गूळ हवा का विचारायची, आणि पंजाबराव दोन्ही वेळा खाली बघायचे.

गावभर बातमी झालीच होती. पानठेल्यावर आता नवा विनोद होता. "भाऊ, आमच्या कोंबड्याचा ओलावा पाहून देता काय?" निदान बदलला तरी, असं म्हणून पंजाबराव पुढं जात. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. कोणी म्हणालं, तळ्याला जाळं लावा. कोणी म्हणालं, वणीकडून पाळीव बदकं भाड्यानं आणा, साहेबाला काय कळते. बबनरावांनी सांगितलं की ज्वारी फेका, पाखरू कुठं जाते. पंजाबरावांनी एक पोतं ज्वारी नेऊन फेकली. तासाभरात पलीकडच्या तांड्यावरच्या बेचाळीस बकऱ्या आल्या. त्या हाकलताना पाखरांचा एक थवा उठला तो परत उतरलाच नाही. त्या दिवशी पंजाबराव घरी येऊन जेवले नाहीत.

अखेर नऊ मार्च ही तारीख नक्की झाली. त्या पहाटे पंजाबराव पाय ओढत बांधावर गेले आणि बघतच राहिले. रात्रीतून दक्षिणेकडून परतीचे थवे येऊन उतरले होते. पाणी पाखरांनी काठोकाठ भरलं होतं. तलवार बदकं, थापट्या, आणि कधी न बघितलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे हंस. बाबूसिंगनं सांगितलं, पट्टकादंब म्हणतात. पंजाबरावांनी सातही भाग मोजले. एक हजार एकवीस. साहेब सकाळी सातला येणार होते.

साहेब साडेअकराला आले. जीपच्या चालकाला खैरदऱ्याचं वळण सापडेना आणि ती सरळ पुढं निघाली. ही गोष्ट नेमकी बबनरावांनी पाहिली. पंजाबरावांना आधार म्हणून ते सकाळपासून येऊन बसले होते. पस्तीस वर्षं चुकीच्या फलाटाला लागणाऱ्या गाड्या वळवलेला तो माणूस. त्यांनी उठून, दोन्ही हात वर करून, छाती भरून शिट्टी फुंकली. मग 'येऊ द्या, येऊ द्या' करत आणखी तीनदा फुंकली.

जीप अगदी व्यवस्थित वळली. आणि तळ्यावरची एक हजार एकवीस पाखरं एकदम उठली. पंखांचा असा आवाज झाला की बाबूसिंग डोकं धरून खाली बसला. थव्यांनी एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि ते टेकडीपलीकडे गेले. साहेब जीपमधून उतरले तेव्हा पाण्याकडेच्या गाळात एक टिटवी होती आणि काठावर बबनराव होते.

"गाडी बरोबर लागली ना साहेब?" बबनराव म्हणाले.

साहेबांचं नाव इंद्रजित मून. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला माणूस. वाईट नव्हता. त्याला त्या दिवशी अजून दोन ठिकाणी जायचं होतं. त्यानं रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि जीपच्या बॉनेटवर फाइल उघडली.

"खोडके, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पाखरं असतीलही. पण मी वाढवून लिहिलं तर वरून विचारणा येते. कमी लिहिलं तर आजवर कोणी विचारलेलं नाही. नऊशे शहात्तर कागदावर आहेच, तेच कायम करतो. सगळ्यांनाच सोयीचं."

हे वाक्य पंजाबरावांच्या ओळखीचं होतं. कमी लिहिलं तर कोणी विचारत नाही. याच आधारावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती, दोन इन्क्रिमेंट घेतल्या होत्या आणि पोरीचं लग्न केलं होतं. आजवर ते फक्त टेबलाच्या आतल्या बाजूनं त्यांना माहीत होतं. बाहेर, उन्हात उभं राहून ते कसं लागतं, हे आज कळलं.

"साहेब," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला, "एक डाव नीट पाहून घ्या जी. माल चांगला हाये."

"माल?"

"पाखरं. पाखरं चांगली हायेत. तुम्ही थोडं थांबा, सांजच्यानं येतात ते वापस. लय दुरून आलो साहेब आम्ही." ते तीन किलोमीटरवरून आले होते, पण तोंडातून हेच निघालं. हे सगळं त्यांनी ऐकलेलं होतं, हजारो वेळा, हजारो तोंडांनी, आणि प्रत्येक वेळी ते पुढच्या गाडीकडे वळले होते.

"मला थांबता येत नाही," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

तेव्हा पंजाबराव खोडके, वय साठ, माजी ग्रेडर वर्ग दोन, जीपसमोर जाऊन बसले. बसण्याआधी त्यांनी खाली पाहिलं नाही. तिथं बेचाळीस बकऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी आपली आठवण ठेवलेली होती. चालकानं हॉर्न वाजवला. बबनराव सवयीनं शिट्टीकडे हात नेत होते, तो बाबूसिंगनं धरला.

"खोडके, हे काय करता तुम्ही? या वयात?"

"उठतो जी. कटती काढा, मंग उठतो."

साहेबांनी चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. मग फाइल घेऊन खाली उतरले आणि पंजाबरावांसमोर उकिडवे बसले. "लेखी द्याल? जबाबदारी तुमची?"

"देतो."

पंजाबरावांनी तिथंच मांडीवर कागद घेतला. एकूण एक हजार चौऱ्याऐंशी, असं लिहिलं. खाली हात पुन्हा आपणहून ओलाव्याचा 'ओ' काढायला निघाला. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. मग लिहिलं: कटती निरंक. आधी मारलेली कटती ही माझी चूक होती. 'चूक' हा शब्द लिहिताना अक्षर पार बिघडलं. त्याला सवय नव्हती. साहेबांनी कागद वाचला, त्यावर सही केली आणि निघून गेले. आकडा हजारावर गेला होता. बाबूसिंगची चौकी राहिली होती.

जीपची धूळ बसली. बबनराव आपल्यामुळेच गाडी वेळेवर लागली, असं सांगत गावाकडे निघाले. पंजाबरावांना उठवेना. बाबूसिंगनं हात देऊन त्यांना उठवलं, धोतराला लागलेलं झटकलं, आणि हात सोडता सोडता म्हणाला, "भाऊ, चौऱ्याऐंशी साली माह्या बापाची गाडी तुमीच पायली होती."

पंजाबरावांनी त्याचा सुटता हात पुन्हा धरला. "मंग आजवर बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तं तुमी मोजाले आले असते काय?"

पंजाबरावांनी तळ्याकडे पाहिलं. एकेक करून चांदवे परत येऊ लागले होते. विचारू नये असं वाटत असतानाही त्यांनी विचारलं, "माल कसा होता तवा?"

"कोरडा होता."

"अन् मी?"

"तुमी ओला म्हनले."

पंजाबराव त्याच्याकडे वळले. "चुकलं माह्यं, बाबूसिंग."

"चुकलं तं खरंच," बाबूसिंग म्हणाला, आणि त्यानं मोतीबाईला चहा टाकायला सांगितलं.